एली मेच्निकॉफ : वार्धक्याचा अभ्यासक

वडील मंडळींच्या पायां पडलें म्हणजे शतायुषी होण्याचा आशीर्वाद मिळतो. तो देणारास व घेणारास दोघांसही ठाऊक असतें कीं, शंभरी गांठणारा मनुष्य विरळा. तरी ही चाल मोडत नाहीं, कारण दीर्घायुष्याची इच्छा मनुष्याच्या मनांत फार खोल रुजलेली आहे. ययातीनें पुत्राचें तारुण्य मागून घेतलें, च्यवन ऋषीस अश्विनीकुमारांनीं पुनः तरुण केलें, ह्या कथा आपण आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत. परंतु मनुष्य म्हातारा कां होतो, हा प्रश्न कथापुराणांतून काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं मांडण्याचें, व ह्या अभ्यासास एका स्वतंत्र शास्त्राचें नांव देण्याचें काम ज्या पुरुषानें केलें, त्याचें चरित्र आज वाचकांस सादर करावयाचें आहे. नवल असें कीं, सर्वांनीं पुष्कळ जगावें म्हणून झटणाऱ्या ह्याच पुरुषानें आपल्या तारुण्यांत दोन वेळां स्वतःचें जीवन नकोसें होऊन तें संपविण्याचा यत्न केला होता.

इल्या इल्यिच मेच्निकॉफ ह्यांचा जन्म १८४५ च्या मे महिन्यांत, त्या काळच्या रशियन साम्राज्यांतील व आतां युक्रेन देशांत असलेल्या खार्कोव्ह प्रांतांतील एका खेड्यांत झाला. एली हें त्यांच्या नांवाचें फ्रेंच रूप. जगांत तेंच रूढ झालें आहे. पांच भावंडांत हा शेंडेफळ, आणि इतका चंचल कीं घरचीं माणसें त्यास पारा म्हणत. त्याच्या मोठ्या भावास शिकविण्यासाठीं एक विद्यार्थी घरीं ठेवला होता. त्यास वनस्पतींचा नाद होता. त्याच्याबरोबर रानांत भटकतां भटकतां इल्यासही पानाफुलांचें वेड लागलें. मग तो भावंडांस व इतर मुलांस गोळा करून त्यांच्यापुढें व्याख्यानें देऊं लागला. श्रोते अर्थातच टिकत नसत. म्हणून खाऊसाठीं मिळालेल्या पैशांतून तो प्रत्येकास दोन दोन कोपेक देऊन बसवून ठेवी. पैसे देऊन श्रोते जमविणारे वक्ते पुढेंही पुष्कळ झाले आहेत. परंतु स्वतःच्या खाऊचे पैसे खर्चणारे थोडेच!

शाळेंतून सुवर्णपदक मिळवून बाहेर पडल्यावर त्यास वैद्य व्हावें असें वाटत होतें. पण आईनें मुलाचें मन ओळखलें होतें. दुसऱ्याचें दुःख रोज डोळ्यांनीं पाहणें ह्या हळव्या मुलास सोसणार नाहीं, असें तिनें त्यास समजावून सांगितलें, आणि त्यानें प्राणिशास्त्र पत्करलें. खार्कोव्ह विश्वविद्यालयाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यानें दोनच वर्षांत पुरा केला. नंतर जर्मनींत व इटलींत राहून समुद्रांतील बारीक प्राण्यांचा अभ्यास केला. आणि १८६७ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, ओडेसा येथील विश्वविद्यालयांत तो अध्यापक झाला. समोरच्या बांकांवर बसणाऱ्यांत कित्येक जण गुरूपेक्षां वयानें वडील होते.

येथून पुढचीं वर्षें मात्र कष्टांचीं आहेत. १८६९ सालीं त्यांनीं लुडमिला नांवाच्या मुलीशीं विवाह केला. ती क्षयानें इतकी अशक्त झाली होती कीं, लग्नाच्या दिवशीं तिला खुर्चींत बसवून चर्चमध्यें न्यावें लागलें. तिला वांचविण्यासाठीं ह्या तरुण प्राध्यापकानें चार वर्षें जिवाचें रान केलें. उष्ण हवेच्या ठिकाणीं नेलें, औषधपाण्यासाठीं भाषांतरें करून पैसा मिळविला, स्वतःचे डोळे दुखूं लागले तरी काम सोडलें नाहीं. अखेर १८७३ च्या एप्रिलमध्यें मादेरा बेटावर ती निवर्तली. परत येतांना मेच्निकॉफ ह्यांनीं विष घेतलें. परंतु मात्रा अति झाल्यामुळें पोटांत ठरली नाहीं व ते वांचले. त्यांच्या पत्नीनें लिहिलेल्या चरित्रावरून असें दिसतें कीं, त्यानंतरही त्यांचें मन मरणाकडेच ओढ घेत होतें. अशा स्थितींत एके रात्रीं जिनीव्हा शहरांत, नदीवरील पुलावर, एका दिव्याभोंवतीं घिरट्या घालणारे क्षणजीवी कीटक त्यांच्या दृष्टीस पडले. इतकें अल्प आयुष्य लाभलेल्या जीवांस डार्विनचा नियम कसा लागू पडत असेल, असा विचार त्यांच्या मनांत आला. आणि त्या विचारांत मरणाचा विचार मागें पडला.

दोन वर्षांनीं त्यांचा दुसरा विवाह झाला, तो ज्या प्रकारें जुळला तें थोडें मौजेचें आहे. ओडेसांत त्यांच्या बिऱ्हाडावरच्या मजल्यावर एक मोठें कुटुंब राहत असे. तेथील मुलांच्या धांगडधिंग्यानें अभ्यासांत व्यत्यय येतो म्हणून प्राध्यापकमहाशय तक्रार करावयास गेले, आणि त्या घरांतील ओल्गा नांवाच्या मुलीस प्राणिशास्त्राची आवड आहे असें कळल्यावर तिला शिकवूं लागले. १८७५ सालीं त्यांचें लग्न झालें. ही ओल्गा पुढें त्यांची प्रयोगशाळेंतील सहकारी झाली, व त्यांच्या पश्चात् त्यांचें चरित्रही तिनेंच लिहिलें. १८८० सालीं तिला विषमज्वर झाला. त्याच सुमारास विश्वविद्यालयांत राजकीय तंटे माजले होते व मेच्निकॉफ ह्यांचें हृदय बिघडलें होतें. पुनः एकदां निराशेनें त्यांस घेरलें. त्यांनीं उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचें रक्त स्वतःस टोंचून घेतलें, अशा हेतूनें कीं, मरण आलेंच तर निदान तो रोग रक्तांतून पसरतो कीं नाहीं हें तरी जगास कळेल. मरणाच्या दारांतून ते परत आले; आणि चमत्कार असा कीं, ह्या दुखण्यांतून उठल्यावर जगण्याची जी गोडी त्यांस लागली, ती पुढें कधीं गेली नाहीं.

१८८२ सालीं त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला व ते पत्नी आणि तिचीं धाकटीं भावंडें ह्यांसह सिसिली बेटांतील मेसिना गांवीं जाऊन राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस घडलेली हकीकत विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक वाचावी. एके दिवशीं घरचीं सर्व मंडळी सर्कशींतील माकडांचे खेळ पाहण्यास गेलीं होतीं. मेच्निकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाशीं बसले होते. समोर तारामाशाचें नुकतेंच वाढूं लागलेलें पोर होतें. तें कांचेसारखें पारदर्शक असल्यामुळें त्याच्या शरीरांत हिंडणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. ह्या हिंडत्या पेशी अन्नाचे कण गिळतात हें त्यांस ठाऊक होतें. एकाएकीं त्यांच्या मनांत आलें कीं, ह्याच पेशी शरीरांत घुसलेल्या शत्रूसही गिळत नसतील कशावरून? तसें असेल तर शरीरांत कुसळ रुपलें असतां ह्या पेशींनीं त्याभोंवतीं गर्दी केली पाहिजे. ते उठून घराच्या बागेंत गेले. तेथें कांहीं दिवसांपूर्वींच मुलांसाठीं संत्र्याच्या जातीच्या एका लहान झाडाचा नाताळचा वृक्ष सजविला होता. बागेंतील गुलाबाचे कांहीं कांटे तोडून त्यांनीं ते तारामाशांच्या पोरांच्या कातडीखालीं बसविले. रात्रभर त्यांस झोंप आली नाहीं. सकाळीं पाहतात तों, पेशींनीं कांट्यास गराडा घातलेला!

आपल्या बोटांत कांटा रुतला म्हणजे तेथें लाली येते, सूज येते व पू धरतो. तो पू म्हणजे नुसती घाण नसून, शरीराचे रक्षण करतांना पडलेल्या शिपायांचा तो ढीग आहे, हें ह्या शोधामुळें कळूं लागलें. ह्या पेशींस त्यांनीं ग्रीक भाषेवरून फॅगोसाइट असें नांव दिलें. आपण त्यांस भक्षकपेशी म्हणूं. पुढें पाणपिसवा नांवाच्या सूक्ष्म जलचरांवर त्यांनीं हा लढा प्रत्यक्ष पाहिला. पिसवेच्या शरीरांत बुरशीचे सुईसारखे बीजकण शिरत. भक्षकपेशींनीं ते गिळले तर पिसू वांचे, न गिळले तर मरे. जर्मनींतील मोठमोठ्या पंडितांस हें पटलें नाहीं. रोगाचा प्रतिकार पेशी करीत नसून रक्तांतील द्रव करतो, असें त्यांचें मत होतें, व हा वाद वीस वर्षें चालला. अखेर दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य ठरलें. १९०८ सालचें नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि प्रतिपक्षाचे पुढारी पॉल एर्लिख ह्या दोघांस मिळून देण्यांत आलें.

ओडेसा येथें १८८६ सालीं निघालेल्या लस तयार करण्याच्या संस्थेचे ते प्रमुख झाले होते. परंतु तेथें त्यांचें चित्त रमेना. ते रजेवर असतांना सहाय्यकांनीं टोंचलेल्या लशीनें पुष्कळ मेंढ्या दगावल्या, व गांवांत फार बोभाटा झाला. १८८८ सालीं लुई पाश्चर ह्यांनीं पॅरिस येथील आपल्या नव्या संस्थेंत त्यांस जागा दिली. तेथें त्यांनीं अठ्ठावीस वर्षें काम केलें. येथें आमच्या वाचकांस जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओडेसांतील त्यांचा एक विद्यार्थी गुरूच्या पाठोपाठ पॅरिसला आला, व १८९३ सालीं पटकीची लस घेऊन कलकत्त्यास उतरला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगचा कहर झाला, तेव्हां ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत त्यानें प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळ येथील जी संस्था आज हाफकिन ह्या नांवानें ओळखली जाते, ती ह्याच वाल्डेमार हाफकिन ह्यांच्या नांवाची होय.

आतां वार्धक्याच्या विषयाकडे वळूं. ह्या विषयाची वाट पटकीच्या रोगांतून गेली. १८९२ सालीं फ्रान्समध्यें पटकी पसरली असतां मेच्निकॉफ ह्यांनीं पटकीचे जंतु स्वतः पिऊन पाहिले. त्यांस कांहींच झालें नाहीं. दुसऱ्या एका स्वयंसेवकानें तेच जंतु घेतले, तो मात्र मरतां मरतां वांचला. असले प्रयोग आज कोणी करूं देणार नाहीं, व तें योग्यच आहे. परंतु ह्यावरून त्यांच्या ध्यानांत आलें कीं, मनुष्याच्या आंतड्यांत आधींच असंख्य जंतु वस्तीस असतात. त्यांतील कांहीं नव्या शत्रूस साह्य करीत असावेत, तर कांहीं त्यास अडवीत असावेत. मग ह्या घरच्या वस्तीचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम होतो?

ह्या एका प्रश्नानें त्यांचीं पुढचीं वर्षें व्यापलीं. त्यांनीं म्हातारे पोपट, कासवें, कुत्रीं ह्यांचीं शरीरें तपासलीं. पॅरिसच्या वृद्धालयांतील १०६ वर्षांच्या एका आजीबाईची भेट घेतली. केंस पांढरे कां होतात, तर भटक्या पेशी केंसांतील रंगाचे कण खाऊन टाकतात, असें त्यांस दिसलें. ज्या भक्षकपेशी तरुणपणीं शत्रूचा फडशा पाडतात, त्याच उतारवयांत घरच्याच नाजुक पेशींवर तुटून पडतात, आणि मेंदू, स्नायु इत्यादि अवयव क्षीण होतात, असा त्यांनीं सिद्धान्त बांधला. रक्षकच भक्षक कां होतात? त्यांचें उत्तर असें कीं, मोठ्या आंतड्यांत अन्न कुजून जें विष निर्माण होतें, त्यानें चांगल्या पेशी दुबळ्या होतात व मग भक्षकांचें फावतें. पक्ष्यांचें मोठें आंतडें अगदीं आखूड. ते आपल्या आकाराच्या मानानें पुष्कळ जगतात. घोड्याचें आंतडें प्रचंड. तो लवकर म्हातारा होतो. हा पुरावा त्यांस पुरेसा वाटला.

दूध आंबलें म्हणजे सडत नाहीं, ही गोष्ट आपल्याकडील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मेच्निकॉफ ह्यांनीं त्याचेंच शास्त्र केलें. आंबट दुधांतील जंतु जें आम्ल तयार करतात, त्यांत सडविणारे जंतु वाढत नाहींत. तर मग तेच जंतु पोटांत सोडावे, म्हणजे आंतड्यांतील कुजणें थांबेल. बल्गेरियांतील शेतकऱ्यांत शंभरी ओलांडलेलीं माणसें पुष्कळ आढळतात व तीं दह्यासारखें आंबट दूध नित्य खातात, असें त्यांच्या वाचनांत आलें. जिनीव्हा येथें शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह नांवाच्या एका बल्गेरियन तरुणानें १९०५ सालीं त्या दह्यांतील जंतु निराळा करून दाखविला. मेच्निकॉफ स्वतः तर आधींच कित्येक वर्षें असें दूध रोज घेत असत. कच्चीं फळें व भाज्या उकडल्यावांचून तोंडांत घालीत नसत. १९०३ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं वार्धक्याच्या शास्त्रास जेरॉन्टॉलॉजी हें नांव दिलें, तें आज सर्व भाषांत चालत आहे. १९०४ च्या जूनमध्यें त्यांनीं पॅरिसमध्यें वार्धक्यावर व्याख्यान दिलें, आणि वर्तमानपत्रांनीं तें असें उचललें कीं, जो तो आंबट दुधाच्या मागें लागला. औषधविक्यांनीं गोळ्या काढल्या. जाहिरातींत मेच्निकॉफ ह्यांचें नांव झळकूं लागलें. थट्टेचीं चित्रेंही निघालीं.

त्यांच्या विचारांचा एक भाग मात्र दह्याच्या गलबल्यांत झांकून गेला, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मननीय आहे. नुसतीं वर्षें वाढविण्यांत त्यांस गोडी नव्हती. दिवसभर काम केलेल्या मनुष्यास रात्रीं जशी झोंपेची इच्छा होते, तशी पूर्ण आयुष्य निरोगीपणें जगलेल्या मनुष्यास शेवटीं विश्रांतीची इच्छा व्हावयास पाहिजे, असें ते म्हणत. नव्वदी ओलांडलेल्या एका फ्रेंच वृद्धेनें आपल्या भाच्यास असेंच कांहीं सांगितल्याची हकीकत त्यांनीं आवडीनें नमूद केली आहे. आपण मरणास भितों, ह्याचें कारण आपण अवेळीं मरतों, असें त्यांचें म्हणणें. ह्या विचाराच्या मुळाशीं एक घरचें दुःख होतें. त्यांचा वडील भाऊ इव्हान हा तुला शहरांत सरकारी वकील होता. तो १८८१ सालीं मध्यम वयांत आजारानें गेला, तेव्हां मेच्निकॉफ त्याच्याजवळ होते. त्याच मृत्यूच्या हकीकतीवरून टॉलस्टॉय ह्यांस इव्हान इल्यिच ह्या आपल्या प्रसिद्ध कथेचा विषय सुचला. १९०९ सालीं मेच्निकॉफ टॉलस्टॉय ह्यांस त्यांच्या गांवीं जाऊन भेटले. दोघेही वृद्ध, दोघांनींही मरणाचा विचार आयुष्यभर केलेला. परंतु एकाचा भरंवसा विज्ञानावर आणि दुसऱ्याचा विज्ञानावर मुळींच नाहीं. आदरातिथ्य उत्तम झालें, मतें मात्र जुळलीं नाहींत.

मग मेच्निकॉफ ह्यांचा सिद्धान्त खरा ठरला काय? चरित्रकारानें ह्या ठिकाणीं आडपडदा ठेवूं नये. मोठ्या आंतड्यांतील विषानें म्हातारपण येतें, हें मत पुढें टिकलें नाहीं. लंडनमध्यें एका नामांकित शस्त्रवैद्यानें तर रोग्यांचीं मोठीं आंतडीं कापून काढण्यास आरंभ केला होता. त्यांतून कोणाचें आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं, उलट कित्येकांस अपाय झाला. बल्गेरियन दह्यांतील तो जंतु मनुष्याच्या आंतड्यांत वस्ती करून राहत नाहीं, हें १९२० नंतर अमेरिकेंतील प्रयोगांनीं दाखविलें. बल्गेरियांतील शतायुषी शेतकऱ्यांच्या वयांच्या नोंदीही भरंवशाच्या नव्हत्या. तथापि आंतड्यांतील जंतूंची वस्ती आपल्या आरोग्याशीं निगडित आहे, ही त्यांची मूळ दृष्टि आज शंभर वर्षांनंतर पुनः संशोधनाचा मोठा विषय झाली आहे. उतारवयांत शरीरांत मंद दाह सतत धुमसत राहतो व त्यांत भक्षकपेशींचा हात असतो, हेंही आतां मान्य झालें आहे.

त्यांच्यामागून इतरांनीं ही वाट पुढें नेली. १९३५ सालीं अमेरिकेंत कॉर्नेल विश्वविद्यालयांत मॅकके ह्यांनीं दाखविलें कीं, पोषक परंतु मोजकें अन्न दिलेले उंदीर पोटभर खाणाऱ्या उंदरांपेक्षां जास्त जगतात. १९६१ सालीं हेफ्लिक ह्यांनीं सिद्ध केलें कीं, मनुष्याच्या साध्या पेशी ठराविक वेळां दुभंगून मग थांबतात. ह्या थांबण्याचें एक कारण पेशींतील गुणसूत्रांचीं टोकें झिजत जाणें हें आहे. त्यांविषयींच्या शोधास २००९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु म्हातारपण परतविणारें औषध अद्यापि हातीं आलेलें नाहीं. सर्वांत दीर्घायुषी म्हणून जिची नोंद आहे, ती झान कालमाँ ही फ्रेंच बाई १२२ वर्षें जगून १९९७ सालीं वारली. तिचा जन्म १८७५ चा, म्हणजे मेच्निकॉफ व ओल्गा ह्यांच्या विवाहाच्या वर्षींचा. आयुष्याच्या एकंदर सरासरींत मात्र खरोखर मोठी भर पडली आहे. १९५० च्या सुमारास भारतांत जन्मलेल्या बालकाचें सरासरी आयुर्मान सुमारें ३२ वर्षें होतें, तें आतां सत्तरीच्या आसपास आलें आहे. ही भर पडली ती स्वच्छ पाणी, पुरेसें अन्न, लशी व जंतुनाशक औषधें ह्यांमुळें, आणि विशेषेंकरून लहान मुलें वांचूं लागल्यामुळें. म्हातारपण लांबविण्यास निघालेल्या मेच्निकॉफ ह्यांचे शिष्य हाफकिन ह्यांनीं मुंबईंत जें केलें, तें ह्याच मार्गाचें काम होतें.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. पाश्चर संस्थेंतील तरुण रणांगणावर गेले, चाऱ्याअभावीं प्रयोगांचे प्राणी मारून टाकावे लागले, व प्रयोगशाळा ओस पडली. ज्या तरुणांनीं शंभर वर्षें जगावें म्हणून हा मनुष्य धडपडला, ते विशीं-पंचविशींत हजारोंनीं मरत होते. त्याचा घाव त्यांस फार लागला. त्यांचें हृदय १९१३ पासूनच दगा देऊं लागलें होतें. १९१५ सालीं सत्तरी पुरी झाली, तेव्हां त्यांनीं मित्रांस सांगितलें कीं आपल्या आईबापांनीं व भावंडांनीं एवढें वय पाहिलें नाहीं, ही आपल्या नियमित राहणीस मिळालेली पावतीच आहे. आपल्या दुखण्याचीं लक्षणें ते स्वतःच वहींत टिपून ठेवीत, आणि जगण्याची ओढ कमी कमी होत चालली आहे कीं काय, ह्याचीही नोंद करीत. दुखणें वाढल्यावर त्यांस संस्थेंतच, पाश्चर राहत असत त्या खोल्यांत, आणून ठेवलें. १५ जुलै १९१६ रोजीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ओल्गा जवळ असतांना त्यांचें देहावसान झालें. आपल्या पश्चात् आपलें शरीर उघडून आंतडीं नीट तपासावीं, असें त्यांनीं आपल्या एका डॉक्टर मित्रास बजावून ठेवलें होतें. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचें दहन करण्यांत आलें, आणि त्यांची रक्षा असलेला कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या सान्निध्यांत ठेवला गेला.